खोटी तहान

त्या वर्षी आप्पांच्या बागेतली डाळिंबाची झाडं झोपायलाच तयार नव्हती.

दिवाळी होऊन गेली, तुळशीची लग्नं लागली, तरी पानं हिरवीगार. शेंड्यांना उलट तांबूस कोवळी फूट येत होती. शलाकाने वडिलांच्या या बागेवर विराम हे औषध फवारलं तेव्हा घरात फराळाचे डबे अजून रिकामे व्हायचे होते. एव्हाना पानं पिवळी पडून गळायला हवी होती आणि झाडांच्या नुसत्या काड्या दिसायला हव्या होत्या. तिने वाकून एका पानाला चिमट्याएवढं यंत्र लावलं आणि पडद्याकडे पाहिलं. भर दुपारी पानाची सगळी रंध्रं सताड उघडी होती.

"ताई, औषध इटलंबिटलं तर न्हाई?" बांधापलीकडून बिरुदेव सरगरने विचारलं. शेजारच्या रानाचा हा मालक शाळेत तिच्याच वर्गात होता. आप्पा गेल्यापासून मात्र तो तिला ताई म्हणायला लागला होता.

"औषध आहे बिरू. दूध नाही विटायला."

"मग झाडंच इटली म्हनायची," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदाला हसून पुन्हा खुरपायला वाकला.

माण नदीच्या त्या कोरड्या पट्ट्यात डाळिंबाचा बहार धरायचा म्हणजे झाडाला ताण द्यायचा, हे कमळेवाडीत पोराटोरांनाही ठाऊक होतं. पावसाळा सरला की बागेचं पाणी तोडायचं. जमीन सुकते, पानं गळतात, झाड विसाव्याला जातं. मग जानेवारीत पाणी सोडलं की ते एकदम फुलावर येतं. पिढ्यांचा हा शिरस्ता अलीकडे पावसानेच मोडला होता. दसरा म्हणू नका, नाताळ म्हणू नका, तो केव्हाही कोसळायचा आणि अर्ध्यावर आलेला ताण वाहून जायचा. बहार फसला की ते वर्ष गेलं.

शलाकाने यावर उपाय शोधला होता. झाडाला तहान लागली की त्याच्या अंगात ॲब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक तयार होतं. संप्रेरक म्हणजे झाडाच्या रसातून फिरणारा निरोप. तो घ्यायला पेशींमध्ये खास प्रथिनं असतात. कुलपात किल्ली बसावी तसा निरोप त्यांच्यात बसला की आतली सगळी साखळी हलते. रंध्रं मिटतात, वाढवणारी संप्रेरकं मागे सरतात, झाड हात आखडता घेतं. पुण्याच्या प्रयोगशाळेत शलाकाने घडवलेला रेणू ही त्याच कुलपाची दुसरी किल्ली होती. मुळांशी पाणी असायचं, पण झाडाला वाटायचं, दुष्काळ पडलाय. ते निमूट झोपायचं. पाऊस आला तरी बिघडत नसे, आणि ताण सोसताना दर वर्षी काही झाडं मरायची ती वाचत. या रेणूचं नाव विराम.

त्याची पहिली चाचणी आप्पांच्या बागेत झाली होती. आप्पा म्हणजे निवृत्ती बाबर गुरुजी, अर्ध्या तालुक्याला विज्ञान शिकवलेला माणूस. सेवानिवृत्तीनंतर त्यांनी ही बाग लावली होती. चाचणी तीन हंगाम चालली. तिसऱ्या वर्षी झाडं अशी लगडली की लोक गाड्या करून बघायला आले. आप्पांच्या मागून एक वर्षाने ज्यांनी विराम घेतला, त्यांचा यंदा तिसरा हंगाम होता. पंधरा दिवसांनी सांगोल्याला मेळावा घेऊन त्यांना तिसऱ्या वर्षाचा डोस वाटायचा होता.

आप्पा श्रावणात गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. शलाका पुण्याहून पोचली तेव्हा ओट्यावर माणसं मावत नव्हती. त्यानंतर तिने रजा टाकली आणि इथेच राहिली. चौथ्या वर्षाची फवारणी आपल्या हाताने करायची, एवढंच तिला त्यांच्यासाठी करता येण्यासारखं होतं.

आणि झाडं जागी होती.

आधी तिने औषधावर संशय घेतला. परसात हौसेने लावलेलं एक डाळिंब होतं. त्याला विराम कधी लागला नव्हता. त्याच डब्यातलं औषध तिने त्याच्यावर मारलं. दुसऱ्या दिवशी चिमटा लावला तर रंध्रं घट्ट मिटलेली. औषध ठणठणीत होतं. बागेतल्या झाडांनाच निरोप ऐकू येत नव्हता.

असं होऊ शकतं हे तिला माहीत होतं. एकाच निरोपाचा मारा होत राहिला की पेशी तो घेणारी प्रथिनं मोडीत काढतात आणि पुढे ती बनवणारी जनुकंच मिटून ठेवतात. हीच भीती होती म्हणून तिने आप्पांची बाग बाकीच्यांच्या एक वर्ष पुढे ठेवून तीन हंगामांच्या चाचणीचा हट्ट धरला होता. चिमट्यांचे आकडे आप्पांच्या बागेतून रोज पुण्याला येत, आणि तिन्ही वर्षं ते सांगत होते की फवारणीनंतर रंध्रं मिटली.

तिने पानांचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले. उत्तर आलं तेव्हा ती पडवीत बसून होती. कुलपं जवळजवळ उरलीच नव्हती, आणि जनुकं मिटल्याच्या खुणा इतक्या खोल होत्या की एका हंगामात त्या पडूच शकत नव्हत्या. झाडं गेल्या वर्षीच बहिरी झालेली होती.

मग गेल्या वर्षी ती झोपली कशी?

सकाळी तिने बिरूला कुदळ घेऊन बोलावलं.

"झाड काढायचंय?"

"झाड नाही. त्याची मुळं बघायचीत."

ठिबकचं पाणी मिळणारं झाड आळशी होतं. पाणी वरच मिळतं म्हणून मुळं वरच्या वीतभर मातीत पसरून बसतात. बिरूने वीतभर खणलं, मग हातभर, मग तो स्वतः गुडघ्याएवढा खड्ड्यात उतरला. वर मुळांच्या वाळलेल्या काड्या होत्या. जिवंत मुळं मातीत नव्हतीच. ती खाली मुरुमात घुसली होती, दगडाच्या फटींतून वाट काढत यंदा खालच्या ओलीपर्यंत पोचलेली. पाण्याच्या शोधात निघालेल्या झाडाची असावीत तशी.

शलाकाने खड्ड्याच्या कडेचा मल्चिंगचा कागद उचलला. हा चंदेरी प्लास्टिकचा कागद आप्पांनी दुसऱ्या वर्षी सगळ्या बागेत अंथरला होता. तण होत नाही म्हणाले होते. खाली ठिबकची नळी खोडाजवळ असायला हवी होती. ती नव्हती. नळ्या खोडांपासून ओढून ओळीच्या मधोमध नेल्या होत्या, छिद्रं बुजवली होती, आणि सगळ्यांची तोंडं कागदाखालून बांधाच्या दिशेने वळवली होती. जमिनीतली ओल मोजायचे खुंट होते, फक्त तिथे एकेक छिद्र उघडं ठेवलं होतं.

ती नळीच्या मागोमाग चालत बांधापर्यंत गेली. पलीकडे बिरूचा शेवगा उभा होता. त्या अख्ख्या माळावर एवढा हिरवागार शेवगा दुसरा नव्हता.

बिरू खड्ड्यातून वर आला नव्हता. तिथूनच म्हणाला, "गुरुजींनी सांगितलं हुतं, कुनाला बोलू नगंस."

"काय सांगितलं होतं?"

"म्हनले, बिरू, मला पानी जास्त झालंय. तुझ्या शेवग्याला घे. मीटर माझ्या नावावर पडतंय तवा गप ऱ्हा. जानेवारीत झाडांला परत सोडायचे; यंदाचं जायच्या आधीच वळवून ठिवलं हुतं."

"आणि तू विचारलं नाहीस का म्हणून?"

"गुरुजींना?" बिरूने मान वर केली. "ताई, त्यांच्यापुढं मला आजूनबी पाढं आठवत न्हाईत."

मीटरवर पाण्याची नोंद पडत होती. पुण्याला दिसत होतं, झाडांना पाणी चालू आहे. पाऊस आला तरी कागदामुळे जमीन कोरडी. झाडं खरोखरच्या तहानेने सुकत होती, आणि खरी तहान काही एकाच दारातून येत नाही. संप्रेरक ऐकू आलं नाही तरी पानातलं पाणीच संपतं. पानं मलूल होतात, रंध्रं उशिरा का होईना मिटतात, एथिलीन वायू सुटतो, आणि पानं गळतात. असा ताण फार क्रूर असतो. मागच्या उन्हाळ्यात कडेची काही झाडं हिरव्या पानांनिशी उभ्या उभ्या गेली होती. आप्पा फोनवर म्हणाले होते, मर रोग आहे.

त्या काळात ते तिला रोज संध्याकाळी फोन करायचे. "आज रंध्रं अजून मिटली गं. का होत असेल असं?" आणि ती त्यांना समजावून सांगायची, तासतासभर. ते मधेच अडवायचे, नेमकी शंका काढायचे. तिला वाटायचं, सबंध जगात आपलं काम एवढं मन लावून ऐकणारं दुसरं कोणी नाही.

सहावीत तिने खोक्यात ठेवलेल्या वालाच्या रोपाची उंची न मोजताच वहीत लिहिली होती. आप्पांनी ते पान फाडलं नव्हतं की आवाज चढवला नव्हता. नवा वाल पेरायला लावला होता, आणि तो उगवेपर्यंत तिच्याशी एका शब्दानेही त्या विषयावर बोलले नव्हते.

आई स्वयंपाकघरात ज्वारी निवडत होती. शलाका दारात उभी राहिली.

"तुला माहीत होतं?"

आईने सूप खाली ठेवलं नाही. "खड्डा खणायला लागलीस तेव्हाच म्हटलं, आता हे येणार."

"कधीपासून?"

"दुसऱ्या वर्षापासून. फवारून झालं आणि पानं नीट गळेनात. हे रोज पहाटे बागेत जाऊन झाडांना हात लावून बघायचे. मग एक दिवस कागदाचे गठ्ठे आणले."

"मला का नाही सांगितलं?"

"तुला काय सांगायचं?" आता आईने सूप ठेवलं. "आधीचं तुझं ते काम बंद पडलं तेव्हा तू इथं येऊन त्या खोलीत पडली होतीस, आठवतंय? जेवायची नाहीस, बोलायची नाहीस. भिंतीकडे तोंड. तुझा बाप दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचा. दिवसचे दिवस. त्यांनी मला सांगितलं, रत्ना, ती पुन्हा तशी पडलेली मला बघवणार नाही."

"आई, मी शास्त्रज्ञ आहे. चुकलं तर शोधायचं, एवढंच माझं काम असतं. त्यांनी सांगितलं असतं तर मी शोधलं असतं. एक वर्ष गेलं असतं फक्त."

"तू मोडली असतीस."

"हे त्यांनी ठरवलं! मला न विचारता!"

"बापच तो. विचारत बसतो का?"

शलाका खाली बसली. सुपातला एक खडा तिने वेचून बाजूला टाकला. मग ती म्हणाली, "म्हणजे त्यांना वाटतच होतं की माझ्याच्याने होणार नाही."

"असं कुठं म्हणाले ते?"

"रोज फोनवर खोटं बोलून तेच सांगत होते, आई. मलाच ऐकू येत नव्हतं."

आई उठली. तिने गॅस लावला, चहाचं पातेलं ठेवलं, आणि पाठमोरी राहूनच म्हणाली, "मेळाव्यात हे बोलणार आहेस का?"

"काय बोलायचं ते ठरवते."

"गेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. एवढं ध्यानात ठेव."

डॉ. हिरेमठ तिचे वरिष्ठ होते. त्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं, मधे एकदा "अरे देवा" म्हणाले, आणि मग त्यांचा आवाज कामाचा झाला.

"वाटप थांबवू या, त्यात वाद नाही. पण कारण सांगताना जरा बेताने घे. नव्या तपासणीत असं आढळलं, म्हणून यंदा विश्रांती द्या. बस्स. गुरुजींचं नाव कशाला घ्यायचं? लोकांना तरी काय करायचंय?"

"लोक ऐकतील, सर?"

"तू सांगितल्यावर? बाबर गुरुजींची मुलगी आहेस तू."

तिलाही तेच हवं होतं. तिने तसंच भाषण तयार केलं. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं.

सांगोल्याचं मंगल कार्यालय भरून गेलं होतं. व्यासपीठावर आप्पांचा मोठा फोटो, झेंडूचा हार. सुरुवातीलाच आईला वर बोलावून शाल आणि नारळ दिला. टाळ्या थांबेनात. आई खाली येऊन पहिल्या रांगेत बसली, शाल मांडीवर घडी करून.

शलाकाने सांगितलं की प्रयोगशाळेत नवं काही आढळलंय. सलग फवारणीनंतर झाडं विरामाला दाद देईनाशी होतात. दोन फवारण्यांनंतर ती अर्धी बहिरी झालेली असतात, तिसरीनंतर पूर्ण. बहार येणार नाही हा त्यातला लहान धोका. मोठा धोका उन्हाळ्यात आहे. खरी तहान लागली की झाड रंध्रं मिटून पाणी राखतं. ही झाडं राखणार नाहीत. वैशाखातल्या गरम वाऱ्यात ती उघड्या दारांनी उभी राहतील आणि हिरव्या पानांनी मरतील. तेव्हा यंदा विराम नको.

सभागृहात कुजबुज झाली. मागून एक उंच, पांढऱ्या टोपीतले गृहस्थ उभे राहिले. जवळ्याचे तानाजी इंगवले. तालुक्यातली सगळ्यात मोठी बाग त्यांची.

"बाईसाहेब, प्रयोगशाळेचं राहू द्या. आम्ही डोळ्यांनी बघितलंय. गुरुजींच्या बागेत तिसऱ्याच वर्षी झाडाला काठ्या लावाव्या लागल्या एवढा माल होता. खरं का खोटं?"

"खरं आहे. पण—"

"मग तिथं झाडं बहिरी झाली नाहीत आणि आमची होणार? का तुमचं औषध परदेशात चाललंय आता?"

हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "भाव वाढवायचा असंल!"

"माझा गेल्या साली बहार जरा कमीच लागला," इंगवले म्हणाले, "पण मी म्हटलं, गुरुजींचं तिसऱ्या वर्षी भरून निघालं, आपलंबी निघंल. आम्हाला डोस द्या. जोखीम आमची."

"द्या, द्या," मागून आवाज आले. टेबलावर आधीच येऊन पडलेल्या डोसच्या खोक्यांकडे माणसं उठून यायला लागली. हिरेमठ सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

शलाकाने पहिल्या रांगेत पाहिलं. आईला कळलं होतं. तिने मान हलवली, अगदी किंचित, नको म्हणून.

"बसा," शलाका म्हणाली. मग ध्वनिक्षेपक जवळ ओढून पुन्हा, "कृपा करून बसा सगळे. माझ्या वडिलांच्या बागेत तिसऱ्या वर्षी जे तुम्ही पाहिलंत ते विरामाने झालेलं नव्हतं. त्यांनी पाणी तोडलं होतं. नळ्या झाडांपासून काढून कागदाखालून बांधावर नेल्या होत्या, मीटर चालू राहावा म्हणून. झाडांना खरा ताण दिला होता. आणि मला सांगितलं, औषधाने झालं."

कुणी बसलं नाही, पण खोक्यांकडे जाणारे जागच्या जागी थांबले.

"गुरुजी खोटं बोलले म्हणताय?" इंगवल्यांचा आवाज पडला होता.

"हो. माझ्याशी. म्हणून मी तुमच्याशी बोलले. मला माहीत नव्हतं, पण बोलले मीच."

"असं का केलं त्यांनी?"

याचं उत्तर तिच्याकडे होतं. दाराबाहेरच्या खुर्चीचं, भिंतीकडे तोंड करून पडलेल्या मुलीचं. ते सांगितलं असतं तर सभागृह हळहळलं असतं. कदाचित आप्पांना तिथल्या तिथे माफही केलं असतं.

"त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही," ती म्हणाली. "बाकी घरातलं आहे."

आई उठली. शाल तिने खुर्चीवर ठेवली, नारळ शालीवर. पायऱ्या चढून ती व्यासपीठावर आली आणि फोटोच्या मागे हात घालून तार सोडवायला लागली. तार सुटेना. शलाका पुढे झाली तशी आई म्हणाली, "राहू दे. तू नको." बिरू खालून धावत आला. त्याने तार सोडवली, हार बाजूला काढून ठेवला.

आईने फोटो छातीशी धरला. शलाकाच्या समोर ती क्षणभर थांबली.

"त्यांनी एका माणसाला फसवलं," ती हळूच म्हणाली. "तू त्यांना एवढ्यांपुढं नागडं केलंस. पुण्याला कधी जाणारेस?"

"आई, झाडं मेली असती यांची."

"कळतंय मला. न कळायला मी काय येडी आहे?" आईचे डोळे कोरडे होते. "कळतंय म्हणून तुझ्या गाडीतून येऊ काय?"

ती बिरूच्या जीपकडे गेली. दारातल्या माणसांनी बाजूला होऊन वाट दिली, काहींनी फोटोला हात जोडले. शलाकाला बाहेर जावंसं वाटलं, आणि तिचे पाय वळलेही. पण व्यासपीठाच्या पायरीशी इंगवले येऊन उभे होते. टोपी त्यांच्या हातात होती, आणि त्यांच्या मागे दुसरे, तिसरे, अशी रांग लागत होती. चिडलेले होते, घाबरलेले होते. शिव्या द्यायच्या की विचारायचं, हे कुणाचंच ठरलेलं दिसत नव्हतं.

"दोन फवारण्या झाल्यात माझ्या," इंगवले म्हणाले. "सगळ्या बागेवर. आता झाडं वाचवायची कशी, ते सांगा. आणि खरं सांगा."

बाहेर जीप सुरू झाली.

"बसा," ती म्हणाली, आणि स्वतःही व्यासपीठाच्या कडेवर बसली. "वाचतील की नाही, मला खात्रीने माहीत नाही. जेवढं माहीत आहे तेवढं सांगते. आधी मला सांगा, तुमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात कुठवर टिकतं?"